थायरॉईडचा रिपोर्ट हातात आला की

आज आपण थायरॉईडवर बोलणार आहोत. आजारावर बोलूच, पण त्याआधी बोलायचंय त्या कागदावर. लॅबमधून मिळतो, घडी घालून पिशवीत जातो आणि पुढे कोणी नीट वाचतच नाही, तो कागद.

गटांच्या बैठकीला आम्ही जातो तेव्हा हिशोबाची वही मिटली की कोणीतरी हळूच असा कागद पुढे करते. मागे एकाच बैठकीत दोघींनी काढले. एकीचा टीएसएच होता ६.२. रक्त घेणाऱ्या पोराने तिला सांगितलं होतं, "थायरॉईड निघाला." घरात लगेच ठरलं की आता जन्मभर गोळ्या. तिला रात्रभर झोप नव्हती. दुसरीचा टीएसएच होता ४८. ती म्हणे, "मला कुठे काय होतंय? थोडी दमते, ते कामाने." दोघींच्या कागदावर आकड्यापुढे तेच एक ठळक 'एच' छापलेलं. पहिली घाबरलेली, दुसरी निवांत. खरं तर उलटं हवं होतं. म्हणून हे भाषण.

कोणाला किती गोळी लागेल हे आम्ही सांगणार नाही. ते डॉक्टरांचं काम. पण कागद घेऊन डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं, हे आपल्याला कळलं पाहिजे.

थायरॉईड हे आजाराचं नाव नाही. ती प्रत्येकीच्या गळ्यात असलेली ग्रंथी आहे. ठुशी जिथे बसते ना, साधारण तिथेच, आतल्या बाजूला. तिच्यातून टी-४ आणि टी-३ नावाचे रस रक्तात जातात. मराठीत त्यांना संप्रेरकं म्हणतात, आपण रसच म्हणू. अंगातली ऊब, हृदयाचे ठोके, पोट साफ होणं, पाळी, केस, कातडी, मन, सगळ्याचा वेग हे रस ठरवतात.

आता टीएसएच. हा थायरॉईडचा रस नाहीच, इथेच सगळी गल्लत होते. टीएसएच येतो मेंदूखालच्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून. ऊसतोडीचा मुकादम कसा असतो तसं समजा. टोळीचं काम मागे पडलं की मुकादमाचा आवाज चढतो. काम वेळेवर चाललं की तो बेताने बोलतो. टोळी सांगितल्यापेक्षा जास्तच तोडायला लागली तर तो गप्प बसतो. टीएसएच म्हणजे मुकादमाचा आवाज, आणि टी-४ म्हणजे तोडलेल्या मोळ्या. म्हणून टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉईड वाढला असा नाही. उलट, ग्रंथी कमी काम करते आहे आणि वरून ओरडा चाललाय. टीएसएच अगदी खाली गेला तर ग्रंथी जास्त काम करत असण्याची शक्यता. एवढं डोक्यात बसलं की निम्मा रिपोर्ट वाचून झाला.

टीएसएच साधारण ०.४ ते ४ किंवा ४.५ च्या आसपास असला की ठीक मानतात. पण प्रत्येक लॅबचं यंत्र वेगळं, म्हणून तिची मर्यादा त्याच कागदावर उजवीकडे छापलेली असते. आपला आकडा त्याच कागदावरच्या मर्यादेशी ताडायचा, जावेच्या कागदाशी नाही. टी-४ चं तर आणखी वेगळं. तो दोन तऱ्हेने मोजतात. एकूण टी-४ हा ८ आला तरी ठीक असतो, आणि फ्री टी-४ हा १.२ आला तरी ठीक असतो. एकीने दोन वर्षांचे कागद शेजारी ठेवले आणि 'माझा टी-४ आठवरून एकावर आला' म्हणून रडायला लागली. दोन्ही तपासण्याच वेगळ्या होत्या. शक्य तेवढं एकाच लॅबमध्ये तपासावं ते यासाठी.

आता ६.२ वाल्या मैत्रिणीकडे येऊ. तिचा टीएसएच थोडा वाढलेला, पण फ्री टी-४ ठीक होता. म्हणजे मुकादम जरा कुरकुरतोय, पण मोळ्या पुरेशा पडताहेत. अशा वेळी, बाई गरोदर नसेल आणि मूल व्हावं म्हणून प्रयत्न चाललेले नसतील, तर डॉक्टर बहुतेक वेळा लगेच गोळी देत नाहीत. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. बऱ्याच जणींचा आकडा मधल्या काळात आपोआप खाली येतो. टीएसएच दिवसभरात सुद्धा बदलतो. रात्री आणि पहाटे जास्त, दुपारी कमी. डेंग्यू, टायफॉईड किंवा दवाखान्यात दाखल होण्याजोगं दुसरं दुखणं होऊन गेलं असेल तर पुढचे काही आठवडे आकडा खाली-वर होतो. वय सत्तरीच्या पुढे गेलं की तो थोडा जास्त असणं हेच वयाला धरून असतं. आजीला ६ आला म्हणून घाई करायचं कारण नसतं.

मात्र टीएसएच १० च्या वर गेला, आणि पुन्हा तपासला तरी तसाच आला, तर गोळीचा विचार करावा लागतो. सोबत टी-४ मर्यादेखाली असेल तर तिथे शंकाच राहत नाही. ४८ वाल्या बाईचं तसंच होतं. आवाज घोगरा, चेहऱ्यावर सूज, पोट साफ नाही, उन्हाळ्यातही पायात मोजे, पाळीत अंगावरून खूप जाणं. हे सगळं हळूहळू वाढत गेलं, त्यामुळे तिला स्वतःचं असंच अंग आहे असं वाटायला लागलं होतं. आपण बाया हे फार करतो.

थकवा असला की तो थायरॉईडचाच, असंही नाही हं. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बाया घरोघरी आहेत. त्यांनाही धाप लागते, केस गळतात, थंडी वाजते. टीएसएच ५ आला आणि हिमोग्लोबिन ७, तर आधी कशाकडे बघायचं हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कागदावर ठळक अक्षर एकाच ठिकाणी छापलंय म्हणून दुसरं दुखणं मागे पडू देऊ नका.

काही जणींच्या कागदावर 'अँटी-टीपीओ' असं असतं आणि पुढे पाचशे-सहाशे असा आकडा. तो बघून डोळे पांढरे होतात. आपलं अंग चुकून स्वतःच्याच थायरॉईडवर चाल करून जातं, त्याची ही खूण आहे. हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये हे दुखणं पहिल्यांदा लिहून ठेवलं, त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. आकडा ६०० असो की २००, गोळीचा डोस त्यावर ठरत नाही. पुढे कधीतरी ग्रंथी मंदावेल, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच बघत राहा, एवढाच त्याचा अर्थ. ही तपासणी दर वेळी करायला पैसे घालवू नका.

तपासणीला जाताना उपाशी राहायची गरज नसते. सोबत साखर किंवा चरबी तपासायची असेल तरच उपाशी. आपण नेहमी सकाळी रक्त देत असू तर दर वेळी सकाळीच द्यावं. चालू गोळी असेल तर त्या दिवशी रक्त दिल्यावर घ्यावी. आणि एक गोष्ट लॅबमध्ये सहसा कोणी विचारत नाही. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या मिळतात. त्या चालू असतील तर काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो आणि टी-४ खोटाच जास्त. चांगल्या बाईला आजारी ठरवलं जातं. रक्त द्यायच्या आधी निदान दोन दिवस त्या बंद ठेवा, आणि डोस मोठा असेल तर किती दिवस हे विचारून घ्या. माला-एनसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्यांनी आणि गरोदरपणानेही एकूण टी-४ चा आकडा वाढतो, पण टीएसएच आणि फ्री टी-४ ठीक असले तर तो आजार नसतो. म्हणून कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत हे सांगायला लाजायचं नाही. नवऱ्यापुढे सांगता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा, 'मला एकटीला बोलायचंय.'

आता गोळी. थायरॉक्सिनची गोळी म्हणजे औषध कमी आणि भर जास्त. ग्रंथी जो रस कमी बनवते तोच रस बाहेरून दिलेला. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आम्हाला ठाऊक आहे, इथेच गाडी अडते. चूल पेटली की पहिला चहाच होतो. ज्यांना सकाळी जमतच नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, जेवणानंतर तीन तासांनी. पण वेळ रोज तीच ठेवावी. रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी हिच्यासोबत कधीच नाही, मध्ये चार तासांचं अंतर हवं. लाल गोळी आणि थायरॉईडची गोळी एकदमच गिळणाऱ्या कितीतरी बाया आम्हाला भेटल्या. मग टीएसएच उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, तरी उतरत नाही. गोळी खोटी नसते, पोटात ती लोहाला चिकटून बसते आणि रक्तात पुरती उतरतच नाही.

बाटली चुलीजवळच्या फडताळात किंवा खिडकीत उन्हाला ठेवू नका. गोळीवर २५, ५०, १०० असे आकडे असतात ते मायक्रोग्रॅम. नवी बाटली आणली की आकडा जुन्या बाटलीशी ताडून बघा. एक दिवस चुकली तर घाबरू नका. हा रस अंगात आठवडाभरानेही निम्मा शिल्लक असतो. याच कारणाने डोस बदलला की पंधरा दिवसांत तपासणी करून उपयोग नसतो. सहा ते आठ आठवड्यांनी खरा आकडा कळतो.

'रिपोर्ट नॉर्मल आला, गोळी बंद केली,' हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलंय! गोळी चालू आहे म्हणून तो नॉर्मल आलाय, बायांनो. काही जणींची गोळी खरंच बंद होऊ शकते, पण ते डॉक्टरांनी ठरवून, पुन्हा तपासून. आणि वजन उतरवायला म्हणून शेजारणीची गोळी घेणाऱ्याही आहेत. नको असताना घेतली की छातीत धडधडतं, ठोके चुकतात, पुढे हाडं ठिसूळ होतात.

गरोदरपणाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं. पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते. त्याचा मेंदू घडतो तो आईच्या रसावर. त्यामुळे जी आधीपासून गोळी घेते तिने दिवस गेल्याचं कळल्या कळल्या तपासणी करायची. बहुतेकींचा डोस पाव-तृतीयांशाने वाढवावा लागतो. नाव नोंदवायला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जाऊ, असं इथे चालत नाही. आणि 'पोटात बाळ आहे, गोळ्या कशाला' म्हणून बंद करणं तर सगळ्यात वाईट. ही गोळी बाळाला चालते, अंगावर पाजतानाही चालते. गरोदरपणात टीएसएचची मर्यादा वेगळी, थोडी खाली असते, आणि लॅबच्या कागदावर नेहमीचीच छापलेली असू शकते. तेव्हा 'मी गरोदर आहे, त्या हिशोबाने बघा' असं सांगावं. पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते, तिथे कागद घेऊन जाता येतं.

सुरुवातीच्या महिन्यांत कोणाचा टीएसएच एकदम खालीही दिसतो, विशेषतः उलट्या फार होत असतील तर. गरोदरपणातला एक रस स्वतःच थायरॉईडला हाकतो, म्हणून मुकादम गप्प होतो. बहुतेक वेळा पुढे तो आपोआप सावरतो.

बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींची ग्रंथी सुजते. आधी काही आठवडे धडधड, चिडचिड, वजन उतरणं, आणि मग त्याच बाईला मरगळ, सूज, रडू. घरचे म्हणतात, बाळंतिणीचं असंच असतं. एक टीएसएच केला तर कळतं. यातल्या बऱ्याच जणी वर्षभरात सावरतात.

आणि एक प्रकार असा आहे जो कागदावर लपतो. बाळंतपणात फार रक्त गेलं, बाई मरता मरता वाचली, पण नंतर दूधच आलं नाही, पाळी परत आली नाही, काखेतले केस गेले, वर्षानुवर्षं अंगात त्राण नाही. अशा बाईचा टीएसएच चक्क ठीक येऊ शकतो. कारण त्या रक्तस्रावात पिट्युटरीलाच इजा झालेली असते. मुकादमच आजारी, तो ओरडणार कसा? टी-४ मात्र खाली असतो. फक्त टीएसएच बघून 'तुला काही नाही' म्हणून तिला परत पाठवलं जातं, आणि घरात ती आळशी ठरते. अशी बाई आपल्या गावात असेल तर तिला जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात न्या, फ्री टी-४ करायला सांगा, आणि बाळंतपणात काय झालं होतं ते तुम्ही स्वतः डॉक्टरांना सांगा. तिला थायरॉईडच्या आधी दुसरं एक औषध लागू शकतं, म्हणून मेडिकलमधून आणून गोळी सुरू करू नका.

टीएसएच खाली आणि टी-३, टी-४ वर, म्हणजे टोळी मोकाट सुटली. भूक लागते तरी वजन उतरतं, हात थरथरतात, घाम, धडधड, कधी डोळे पुढे आल्यासारखे. यावर वेगळ्या गोळ्या असतात. त्या चालू असताना ताप आला आणि घसा दुखायला लागला तर थांबायचं नाही. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठून रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासायच्या. लाखात एखादीला होत असेल, असं म्हणण्याइतकं ते दुर्मीळ नाही, आणि जिवावर बेतू शकतं. गळ्यात गाठ लागत असेल तर मात्र टीएसएच ठीक आला तरी गाठ दाखवायचीच. गाठीचं उत्तर सोनोग्राफीत मिळतं, टीएसएचमध्ये नाही.

मिठाबद्दल दर बैठकीत विचारतात. हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉक्टर रामलिंगस्वामी आणि सोबत्यांनी मिठात आयोडीन घालून दाखवलं की गलगंड कमी होतो. त्यावरूनच पुढे देशभर आयोडीनचं मीठ आलं. रोजच्या भाजीत तेच वापरा, बरणीला झाकण ठेवा. उपवासाला शेंदेलोण चालेल, पण बारा महिने तेवढंच नको. आणि गोळी चालू असलेल्या बाईने जास्त मीठ खाऊन आकडा उतरत नाही, रक्तदाब चढतो. कोबी शिजवून खुशाल खा.

सोयरीक जुळताना गोळी लपवली जाते, हेही आम्हाला माहीत आहे. लपवलेली गोळी लग्नानंतर सुटते, आणि दिवस राहतात तेव्हा ती अंगात नसते. भीती त्याचीच. गोळी वेळेवर घेणाऱ्या बाईला मूल होतं, शेतात काम होतं, सगळं होतं. आकडा हाताबाहेर असेल तर मात्र दिवस राहायला उशीर होऊ शकतो, म्हणून मूल होत नाही अशा सुनेचं नाव घेण्याआधी तिचा टीएसएच बघा, आणि नवऱ्याचीही तपासणी करा.

शेवटचं, बाळाचं. काही बाळं जन्मतःच थायरॉईडशिवाय किंवा अपुऱ्या थायरॉईडची येतात. दिसायला ती चांगली गुटगुटीत असतात, म्हणून कळत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन टीएसएच बघतात. जन्मल्या जन्मल्या तो सगळ्याच बाळांचा उसळतो, म्हणून जरा थांबून. आजार निघाला तर पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू व्हायला हवी, म्हणजे मेंदूची वाढ नीट होते. प्रत्येक दवाखान्यात ही तपासणी होतेच असं नाही, तेव्हा घरी सोडायच्या आधी सिस्टरना विचारा, आणि होत नसेल तर कुठे होईल ते आशाताईंकडून काढा. रिपोर्ट मागाहून फोनवर कळवतात. माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी सवयीने सासरचा नंबर लिहून देते आणि निरोप तिकडेच राहतो. जिथे बाळ आहे, त्या घरातला नंबर द्या.